वळणावरचा रस्ता ऐकून ओलांडताना

आमच्या गावात शाळा चांगली की वाईट, हे ती किती लांबून ऐकू येते यावर ठरतं. पोरं एका सुरात पाढे ओरडत असली आणि तो आवाज धानाच्या बांध्यांपर्यंत पोचला, की मास्तर-मॅडम कामाचे. मी रुजू झाले त्या वर्षी एकदा मुलांना मनातल्या मनात गोष्ट वाचायला बसवलं होतं, तर खिडकीतून एक म्हातारा डोकावला. "काऊन मॅडम, आज सुट्टी हाय का जी? आवाज नाही येऊन राहिला." त्यानंतर असलं धाडस मी फारसं केलं नाही.

शाळेच्या दोन खोल्यांपैकी एक पडायला आली म्हणून कुलूप लावून ठेवली आहे. तेव्हापासून पहिली ते चौथी एकाच हॉलमध्ये, वर टिनाचं छप्पर. एका टोकाला तिसरी-चौथी घेऊन हेडमास्तर, दुसऱ्या टोकाला पहिली-दुसरी घेऊन मी. तिकडे सतराचा पाढा सुरू झाला की इकडे माझी पोरं कविता जरा चढ्या आवाजात म्हणतात, मग तिकडचे आणखी चढतात, मग आम्ही. टिन हा सगळा कालवा वर जाऊ देत नाही, तो परत आमच्याच डोक्यावर आदळतो. घसा फोडून बोलायची मला इतकी सवय झाली की घरी नवरा म्हणतो, "मी काही दुसरीचा वर्ग नाही. हळू बोल."

कानातला आवाज कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. बारीक, एकसुरी. शेजारच्या घरी कुकर शिट्टीवर आलाय पण शिट्टी काही पूर्ण होत नाही, तसा. आधी तो शाळा सुटल्यावर यायचा आणि स्वयंपाक होईस्तोवर जायचा. मग फक्त रविवारी जायचा. मग रविवारीही मुक्कामाला राहिला. गोंदियाच्या कानाच्या डॉक्टरांनी मला बंद खोलीत बसवून तपासलं, कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली आणि म्हणाले, "नस कमजोर हो गई है, मॅडम. बारीक आवाज पहले जाते हैं. जो गया, वो वापस नहीं आता. शोर से दूर रहिए." मला हसूच आलं. शोरापासून दूर राहायचं म्हणजे राजीनामा द्यायचा. कानाचं मशीन घ्या म्हणाले, तर मी म्हटलं बघू, दिवाळी झाल्यावर.

शाळा आणि गाव यांच्या मध्ये रस्ता आहे. कोहमाऱ्याकडून येणारा हा रस्ता आमच्याजवळ जंगलातून उतरतो आणि उतरता उतरता वळतो. येणारी गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. म्हणून आमच्याकडे हा रस्ता कानांनी ओलांडतात. डोक्यावर मोळी असली तरी बायका कडेला थांबतात, बोलणं बंद करतात, ऐकतात आणि मग निघतात. शाळा सुटली की पोरांची रांग मी रस्त्याशी नेते. मी हात वर केला की सगळी चिडीचूप. दिवसभरातली आमची तेवढीच शांतता. कानांत प्राण आणून ऐकायचं, हात खाली घ्यायचा, पहिलीतल्या सगळ्यात लहान मुलीचा हात धरून पुढे व्हायचं, मागून रांग. मॅडमनी पाऊल टाकल्याशिवाय कुणी टाकायचं नाही, हे पोरांना पाठ आहे.

यंदा त्या शांततेची मला भीती वाटू लागली होती. हात वर केला की आतली शिट्टी मोठी व्हायची आणि बाहेर काय आहे ते तिच्यापलीकडे राहायचं. ट्रकच्या इंजिनाची घरघर अजून कळत होती. तेवढ्यावर मी मनाची समजूत घालत होते. ट्रकवाले डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात आणि मग घरघरही येत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

गॅदरिंगच्या तयारीचे दिवस होते. हॉलमध्ये स्पीकर आणला होता आणि सकाळपासून पोरं त्यावर नाचत होती. सुट्टीपर्यंत माझ्या कानांना दडे बसले. रस्त्याशी आल्यावर मी हात वर केला. ऐकलं. काही नव्हतं. हात खाली घेतला आणि निघाले, तर लहानगीचा हात ताणला गेला. ती येईना. दमलेली पोर हट्टाला पेटली असं वाटून माझं डोकं फिरलं. मी ओढलं. ती मागे रेलली, तशी मी आणखी जोरात ओढलं. दोघी डांबरावर आलो तेव्हा मी रागावून वळले. तिचं तोंड पूर्ण उघडं होतं. तिच्यामागे कडेला सगळी रांग जागच्या जागी उभी होती आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. ती सगळी ओरडत होती. माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

मग हॉर्न ऐकू आला. धानाचा भरलेला ट्रक पलीकडच्या कडेवर कलला, मुरूम उडवत आमच्या अंगाजवळून गेला आणि पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला. तो रागावला नव्हता. "बच्ची तो चिल्ला रही थी, मॅडम," एवढंच तो म्हणाला. पोरीला खरचटलंही नव्हतं. मनगटावर माझी बोटं तेवढी उठली होती.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. कान गेलेत, रांग मी नेणार नाही, तुम्ही न्या. ते माझ्या ओठांकडे बघत होते. जवळ सरकले आणि नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात न बोलता म्हणाले, "मॅडम, तुमच्या आधी रांग मीच नेत होतो. तुमच्याकडे काऊन दिली असंन?"

 इतकी वर्षं एका हॉलच्या दोन टोकांना आम्ही एकमेकांवर आवाज चढवत होतो.

"कुठे बोलू नका," ते म्हणाले. "वरती कळलं तर तुम्हाला रजेवर धाडतीन, अन् बदली कोणी येत नाही. पट एवढासा. शाळाच बंद करतीन. मग ही पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत जातीन, ह्याच रस्त्यानं, एकटी."

मशीन मी नंतर आणलं आहे. हॉलमध्ये ते लावलं की टिनाखालचा सगळा कल्लोळ डोक्यात शिरतो, म्हणून सुट्टी झाल्यावर रस्त्याशी लावते. त्यात झाडांतला वाराही गाडीसारखाच येतो. काय गाडी आणि काय वारा, मला ओळखता येत नाही.

हेडमास्तरांशी बोलणं झालं त्या संध्याकाळीही रांग मीच नेली. लहानगीपुढे हात केला, तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी पुन्हा मागितला नाही. मग हात वर केला. पोरं गप्प झाली, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वळणाकडे माना करून ती आपापली ऐकत राहिली. मी तशीच हात वर धरून उभी होते, आणि तो खाली कधी घ्यायचा ते त्यांच्या चेहऱ्यांवर शोधत होते.