न विचारलेलं कारण

आमच्या डेस्कवर बातमीला किमान दोन सूत्रं लागतात. नाटकातून, कवितेतून काही कळतं, असं मी धरून चालत नव्हतो. त्यांच्यासाठी रविवारची पुरवणी होती.

गेल्या हिवाळ्यात बायको एका हौशी नाटकात काम करत होती. पिंप्राळ्यातल्या एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी तालमी चालायच्या. तिला घ्यायला मी लवकरच जायचो आणि मागच्या बाकावर बसायचो.

तिची भूमिका नोकरी गेलेल्या बाईची. ती घरी सांगत नाही. नवरा विचारतो, "काय झालं?" तिने म्हणायचं, "काही नाही." एवढंच वाक्य, पण ती ते रडवेलं करत होती.

"अक्का, रडानं नही," दिग्दर्शक म्हणाला. तो धरणगावचा, मधूनच अहिराणीत शिरायचा. "घरच्यांना खरं वाटलं पाहिजे, प्रेक्षकांना खोटं. नवऱ्याला कळलं तर नाटक पहिल्याच अंकात संपेल."

"नवऱ्याला कळायची भीती नको," ती म्हणाली. सगळे मागे वळून माझ्याकडे बघत हसले. मी तोंड उघडलं, तर दिग्दर्शकाने हात वर केला. "भाऊ, तुम्ही पेपरवाला शेतस, पण आठे गप बठा."

तिने प्रवेश पुन्हा केला. कपड्याची घडी घालता घालता, त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "काही नाही. झोप झाली नाही नीट."

दुसरं वाक्य संहितेत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "हे ठेवा."

त्याच सकाळी घरी दोरीवर कपडे टाकताना तिचा डावा हात अर्ध्यातच थांबला होता. काय झालं, असं मी विचारलं होतं. "काही नाही. काल भरलेली बादली उचलली." तोच आवाज, तीच नजर खाली. 'काही नाही'पुढचं कारण मी मागितलंच नव्हतं, तिने आपणहून जोडलं होतं. तरी ते खरं मानून ऑफिसला गेलो होतो.

परतताना स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली.

"हाताला काय झालंय?"

"सांगितलं ना, बादली..."

"बादलीचं मी विचारलं नव्हतं."

ती स्कूटरवरून खाली उतरली. मग म्हणाली, "काखेत गाठ आहे. दिवाळीपासून." आणि लगेच, "पण तुम्हाला सांगितलं कोणी? ताईलाही माहीत नाही."

"तूच. आत्ता तालमीत."

"अहो, ते नाटक होतं."

काहीतरी लपवलं जातंय, इतकंच नाटकातून कळलं होतं. ते काय आहे, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी आम्ही धुळ्याला गेलो. तिची ही मोठी बहीण तिथे राहते, तिनेच सोनोग्राफीची वेळ घेतली.

मला आत येऊ दिलं. डॉक्टरबाई यंत्र फिरवत होत्या. पडद्यावर करडे ठिपके सरकत होते, माझ्या दृष्टीने सगळे सारखेच. एका जागी त्यांचा हात थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काही विशेष नाही," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "सुईने नमुना घेऊ." मग यंत्र पुसता पुसता म्हणाल्या, "हल्ली आम्ही सगळ्यांचाच घेतो."

बायकोने टेबलावरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिनेही ते शेवटचं, कुणी न विचारलेलं वाक्य ऐकलं होतं.