माले भूक लागनी

मी म्हटलं, “माले भूक लागनी,” आणि अख्खा हॉल हसला.

पुढच्या रांगेतले सर लोक पोट धरून हसत होते. मागची मुलं खुर्च्यांवर हात आपटत होती. कुणीतरी शिट्टी मारली. कॉलेजच्या ॲन्युअल डेचं स्किट चाललं होतं आणि मी मोलकरीण झाले होते. साडी वर खोचलेली, हातात झाडू. पुढचं वाक्य ऋजुताचं होतं. ती मालकीण. हसू थांबेना म्हणून ती थांबली, मीही थांबले. विंगेत मॅडम उभ्या होत्या. आम्हाला मराठी शिकवतात त्या, स्किटही त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी बोटानं खूण केली, परत म्हण. मी परत म्हटलं. हॉल परत हसला.

वाक्यात विनोद नव्हता. मला भूक लागली, एवढंच. आमच्या घरी माणूस असंच म्हणतो.

खरं तर मला मालकिणीचं काम हवं होतं. निवडीच्या दिवशी तिचे सगळे संवाद मी कागद न बघता म्हणून दाखवले. स्किट ऋजुतानं लिहिलेलं, तरी तिचंही तेवढं पाठ नव्हतं. तिचे वडील सरकारी ऑफिसात साहेब, मूळचे रत्नागिरीकडचे. मॅडम मुंबईच्या. त्यांचं आणि ऋजुताचं एकमेकींच्या घरी जाणं-येणं होतं. मॅडमनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

“पाठांतर छान आहे गं. पण तू तोंड उघडलंस की कळतं.”

काय कळतं, ते त्या म्हणाल्या नाहीत. विचारायची माझी हिंमत झाली नाही. वर्गाला कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी जागेवर जाऊन बसले आणि उगाच बॅगेची चेन उघडत-लावत राहिले.

मोलकरणीचं काम मला द्यायला त्यांना विचार करावा लागला नाही. घरी पाहुणे आलेत, मालकीण मोठमोठ्या गप्पा मारतेय, आणि ही बया दर वेळी मध्येच येऊन भूक लागली म्हणते, असं ते स्किट. कागदावर लिहिलं होतं, ‘मला भूक लागली हो बाईसाहेब.’ मॅडम म्हणाल्या, “हे पुस्तकी वाटतंय. तुमच्या घरी कसं म्हणतात?”

मी म्हणून दाखवलं. खोलीत हशा पिकला.

“हेच! हेच ठेव. तुला ॲक्टिंग करायची गरजच नाही.”

मॅडमनी काही मागितलं तर नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दिलं.

आम्ही सिल्वासाजवळ खडोलीला राहतो. कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, त्यातली एक आमची. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, सुताच्या कंपनीत मशीनवर आहेत. माय दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. दोघं धुळ्याकडून आले तेव्हा मी कडेवर होते. आमच्या एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला गुजराती. नाना सुपरवायझरशी हिंदीत बोलतात, दुकानात गुजरातीत आणि घरात अहिराणीत. माझी शाळा मराठी, बाई कोकणातल्या. त्यांच्यासमोर मी एक बोलायचे आणि घरी येऊन दप्तर टाकलं की दुसरं. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आमच्या खोलीत ‘माले भूक लागनी’ असं कुणी म्हटलं की दुसरं कुणीतरी उठतं. माय शिफ्टवरून आलेली असते, पाय सुजलेले असतात, तरी उठते. ती नसेल तर मी उठते. भाकर असेल तर भाकर, नाहीतर चहा-टोस्ट. त्यावर आमच्याकडे कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

मग क्लिप फिरली. आधी वर्गाच्या ग्रुपवर, मग कॉलेजभर. मी ती घरी उघडली आणि पहिल्यांदा माझा आवाज बाहेरून ऐकला. ही मी? असा जाडा आवाज? शब्दाच्या शेवटी मी अशी चढते? मला विचित्र वाटलं. दुसऱ्याच कुणाच्या तोंडात माझे शब्द घातलेत असं वाटलं.

तेव्हापासून मला नादच लागला. खोलीत कुणी नसलं की मी फोनमध्ये बोलायचे आणि लगेच ऐकायचे. एकच वाक्य, मॅडमसारखं, मग मायसारखं, मग माझं. हा हेल मायचा, हे कळायचं. हा झटका गल्लीतल्या हिंदीचा. हे वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावून बोलायची सवय शेजारच्या गुजराती मावशींची. माझं स्वतःचं यात काय, ते सापडायचं नाही. मग मी इतरांचंही ऐकायला लागले. मॅडम नाकातून बोलतात. ऋजुता वाक्याचा शेवट खाते. तिचे वडील एकदा कॉलेजात भाषणाला आले होते, ते तर असे कोकणी हेल काढत होते की बास. त्यांच्यावर कुणी हसलं नाही. त्यांच्या तोंड उघडण्यानं काही कळत नव्हतं, की कळूनही कुणाला काही वाटत नव्हतं? हे मी कुणाला विचारणार होते?

एकदा आरशासमोर उभं राहून मी ‘मला भूक लागली आहे’ असं म्हणायचा सराव करत होते. माय कधी आत आली ते कळलं नाही.

“कोनसंगे बोली ऱ्हायनी?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, अभ्यास करतेय.

वर्गात मी बोलणंच सोडलं. उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. कॉरिडॉरमधून जाताना मागून आवाज यायचा, “ए, माले भूक लागनी!” ज्यांना मराठीचा म येत नाही, ती मुलंसुद्धा ओरडायची. नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. एकदा कँटीनमध्ये मी वडापाव मागितला आणि मागच्या टेबलावर खसखस पिकली. तो वडापाव मी पिशवीत टाकला आणि तसाच घरी नेला.

मायनं क्लिप कंपनीत बघितली. जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरच्या फोनवर. “तेरी लडकी तो हीरोइन बन गई,” असं तो म्हणाला म्हणे. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली.

“मी दोनदा दखं. तू कोठेच चुकनी नही. मंग त्या हासनात काबर?”

मी म्हटलं, “विनोदी नाटक व्हतं, माय.”

“पन तू ते भूक लागनी म्हने ना?”

टोमणा नव्हता तो. ते लोक का हसले, हे तिला खरंच कळलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, जशी लाईट बिलावरचा आकडा मला विचारून वाट बघते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला काय सांगणार? की ते तुझ्यावर हसले? बारा-बारा तास उभं राहून ही बाई मला शिकवते, आणि मी शिकून तिचं बोलणं लोकांपुढे नेऊन टाकलं? मी भांडी घासायला उठले. ती तिथंच बसून राहिली.

मग मॅडमनी बोलावलं. सिल्वासातल्या मराठी मंडळींचा घरगुती कार्यक्रम होता. साहेब लोक, शिक्षक, त्यांची कुटुंबं. त्यांना तेच स्किट हवं होतं.

“खास तुझ्यासाठी बोलावलंय,” मॅडम म्हणाल्या.

“मला नाही करायचं, मॅडम.”

“अगं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. आणि सेमिनारचे मार्क माझ्याच हातात आहेत, माहितेय ना?”

शेवटचं त्या हसत म्हणाल्या. पण मला बी.एड. करायचंय, शिक्षिका व्हायचंय, आणि मार्क कमी पडले तर नाना मला कंपनीत लावतील हे त्यांना माहीत होतं. मीच एकदा भोळेपणानं सांगितलं होतं. मी गेले.

त्या दिवशी सकाळीच शेअरच्या इको गाडीत स्वतःला कोंबून घेऊन खडोलीहून निघाले. तालीम लांबली. नाश्त्याची खोकी आली, पण ती पाहुण्यांसाठी. “तुम्ही कार्यक्रमानंतर खा,” असं सांगितलं गेलं. ऋजुताच्या आईनं तिला आत नेऊन काहीतरी खाऊ घातलं. मी पाणी प्यायले. स्टेजवर गेले तेव्हा पोटात नुसता खड्डा पडला होता.

मी ठरवलं होतं, आज नाटकी म्हणायचं नाही. घरी म्हणते तसं म्हणायचं. हळू, खरं. म्हणजे त्यांना कळेल.

“माले भूक लागनी.”

हसले.

मी झाडू खाली ठेवला. पुढच्या रांगेकडे बघून परत म्हटलं. त्यांना वाटलं, ही नवीन गंमत घातली. जास्त हसले. मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझे डोळे भरले. एक बाई शेजारणीला म्हणाली, “काय ॲक्टिंग करते गं!” टाळ्या सुरू झाल्या.

आता काय करायचं? याहून खरं मला बोलता येत नव्हतं. मी झाडू उचलला आणि केर काढत राहिले, स्किट संपेपर्यंत.

नंतर खाण्याच्या प्लेट्स आल्या. मी कोपऱ्यात उभी राहून वड्याचा तुकडा मोडला, तेवढ्यात तीच बाई आली. बरोबर तिची मुलगी, हातात फोन.

“आमच्याकडे कामाला येते ना, ती अगदी अश्शीच बोलते. परत म्हण ना एकदा. हिला व्हिडिओ काढायचाय.”

मॅडम शेजारीच होत्या. “म्हण गं,” त्या म्हणाल्या.

फोन माझ्या तोंडासमोर आला. मला त्या कामाच्या बाईचा विचार आला. कुठली असेल? गलोंडा गावातल्या एखाद्या खोलीतली, आमच्यासारखी? तिनं कधी या बाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे वाक्य म्हटलं असेल का? आणि ते ऐकून घरातलं कुणी उठलं असेल का, की असंच हसले असतील? अंगाची लाहीलाही झाली. इतके दिवस मी स्वतःची लाज बाळगत होते. लाज माझी नव्हतीच.

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे?” मॅडम.

“नाही म्हणणार.”

प्लेट टेबलावर ठेवली. भूक तशीच होती, पण त्यांच्यासमोर घास गिळवेना. ती बाई म्हणाली, “बघा, लगेच भाव खायला लागली.” ऋजुता माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत दया होती, आणि मला सगळ्यात जास्त राग तिचा आला. मी बाहेर पडले. कुणी थांबवलं नाही. रस्त्यावर उभी राहून मी इकोची वाट बघत राहिले.

यानंतर काही बदललं, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. क्लिप अजून फिरते. कॉरिडॉरमधली हाक अजून येते. मॅडम म्हणाल्या, “चारचौघांत मला खाली बघायला लावलंस,” आणि तेव्हापासून त्या हजेरी घेताना माझ्या नावावर मान वर करत नाहीत. मी कुणाला हरवलेलं नाही. उलट मीच एकटी पडलेय.

पण सेमिनारचा विषय मी बदलून घेतला. ‘आमच्या खोल्यांमधलं बोलणं.’ माय, नाना, शेजारच्या मावशी, बिहारचे चाचा, सगळ्यांना मी फोनमध्ये बोलायला लावलं. आपली पोरगी आपलं बोलणं कॉलेजात का नेतेय, हे नानांना कळेना. मॅडमनी विषय वाचला आणि म्हणाल्या, “विषय चालेल. पण मांडायचं प्रमाण भाषेत. नाहीतर मार्क विसर.”

म्हणजे आमच्या बोलण्याबद्दल बोलायचं, पण आमच्यासारखं बोलायचं नाही.

हे सगळं मीही तुमच्या मराठीत लिहितेय, हे मला दिसतंय. लिहायला मला हीच शिकवली. हीही माझीच आहे, फुकट मिळालेली नाही. पण यापुढे ती मी भीतीपोटी बोलणार नाही.

मायला सगळं सांगितलं, सेमिनारला कसं बोलणार तेही. ती घाबरली. “मार्क गयात ते काय करशी?” तिनं विचारलं. मार्क जातील. बी.एड. जाईल. कदाचित तिच्याच शेजारी पॅकिंगच्या टेबलावर उभी असेन. हे मी धरूनच चाललेय. मीही घाबरलेय.

सेमिनार येत्या सोमवारी आहे. मी वर्गासमोर उभी राहीन आणि घरी बोलते तसं बोलेन. मध्ये हिंदी आली तर येऊ दे, गुजराती आली तर येऊ दे. मुलं हसतील, हसू देत. हसू संपेपर्यंत मी थांबणार नाही, त्यांच्या हसण्यातूनच बोलत जाईन. मॅडम म्हणतील, “बस खाली.”

मी बसणार नाही.