हळदीचे अर्धे गाणे

कराडहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या पुढच्या बाकावर होती. हळदीला गाणी म्हणणे हा तिचा व्यवसाय. डीजे आल्यापासून मात्र बोलावणी आटली होती, असे ती शेजारणींना सांगत होती. त्यांनी आग्रह केला तेव्हा तिने पदर सावरला, दांड्यावर बोटांनी ताल धरला आणि सूर लावला. एकीने मोबाइल पुढे केला. गाण्यातली आई लेकीच्या हाताला हळद लावू लागली आणि गाणारी थांबली.

“आवं मावशी, पुढं म्हणा की.”

“पुढचं हळदीला बोलवशील तवा. समदं हितंच ऐकलंस तर मला कोण बोलवंल?”

“लय हुशार हायसा.”

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण कोणी नंबर मागते का, हे तिची नजर शोधत होती. कोणीच मागितला नाही.

अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे मला आजही जमत नाही. सांगलीच्या स्टँडवर ती उतरल्यावर मात्र मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, “माझ्या पुतणीचं लग्न ठरलंय. याल?”

पुतणीच्या हळदीला तिने ते गाणे पहिल्यापासून म्हटले नाही. मांडवात मला नजरेने शोधले आणि एसटीत जिथे थांबली होती, तिथूनच सूर लावला.