मूग-मटकीची परीक्षा

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामती एमआयडीसीत दुपारच्या पाळीवर होतो. त्याच्या बायकोनं एवढंच सांगितलं, "भाऊजी, सणसरला या... ह्यांचं संपलं." महिना झाला. लोक मला त्याचा जिवलग मित्र म्हणतात. ऐकलं की मान खाली जाते.

वीस वर्षं आम्ही एकाच कारखान्यात, एकाच मोटारसायकलवर. माणूस निर्मळ, पण राग नाकावर. तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी सारिका तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर "मला अजून शिकायचंय" म्हणाली आणि यानं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. त्याच संध्याकाळी ती इंदापूरला मामाकडे गेली, ती परत आली नाही.

पुढे कारखान्यात मनावर ताबा मिळवण्याचं शिबिर झालं. आम्ही चहा-सामोशासाठी बसलो होतो. भानुदास वहीत उतरवून घेत होता. राग आला की तोंड उघडण्याआधी मनात तीन वेगवेगळी उत्तरं तयार करायची, सवय नसलेल्या हातानं काम करून लक्ष एका जागी धरायचं... त्यापुढची युक्ती त्याची स्वतःची. परातीत मूग आणि मटकी मिसळून डाव्या हातानं दाणा दाणा वेगळा करायचा, आणि तेवढा वेळ मी समोर बसून त्याला डिवचायचं. दर रविवारी.

"दत्ता, तू पास म्हणलास की त्याच दिशी इंदापूरला जाऊन पोरीची माफी मागतो," तो म्हणायचा. "तवर न्हाय. परत हात उठला तर?"

मी त्याच्या उसाला, टकलाला, सासुरवाडीला नावं ठेवायचो. पहिल्या वर्षी दोनदा त्यानं परात अंगणात भिरकावली. मग हळूहळू तो हसून उत्तरं द्यायला लागला, आणि तीही अशी, की मीच गप्प व्हायचो. तेव्हाच पास म्हणायला हवं होतं. पण मला परीक्षक होण्याची चटक लागली होती. रविवारचा तो मान माझ्याकडून सुटेना.

शेवटच्या रविवारी मी म्हणालो, "सारिका तुला बाप मानत न्हाय."

त्याचा हात थांबला. चिमटीतले दाणे सांडले.

"नापास," मी म्हणालो.

"व्हय रं," तो खाली बघत म्हणाला. "अजून राग हाय म्हणायचा."

राग नव्हता तो. डोळे भरले होते त्याचे. मला ते दिसलं होतं... तरी मी चहा पिऊन माझ्या गावी, लासुर्ण्याला निघून आलो. शुक्रवारी रजा टाकून घरी होता, तेव्हाच तो गेला. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

दहाव्याला सारिका आली. कोनाड्यातली परात बघून म्हणाली, "काका, हे काय?" मी सगळं सांगितलं, माझं 'नापास'सुद्धा.

"नुसते आले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. "रागावलेले आले असते, तरी."

वहिनी ती परात कुणाला हलवू देत नाहीत. एका कडेला मूग, दुसऱ्या कडेला मटकी, मधे मिसळलेला ढीग. रविवारी मी अजून जातो, समोर बसतो. दाण्यांना हात लावायची हिंमत होत नाही.