सदाशिवचे केस

सदाशिव गेल्याचं त्याच्या मुलानं मला फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खरंच गेला का गा?" पोरगा बिचारा गडबडला. बापाच्या मरणाची अशी खात्री करून घेणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असावा. पण त्यांच्या घरात मरणाची बातमी एकदा साफ खोटी निघालेली आहे, आणि ती उठवण्यात माझाच हात होता... हात आणि हातातली कात्री. या वेळची बातमी मात्र खरी निघाली. त्याला आता दीड महिना झाला, आणि बोलायला माणूस उरला नाही म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव आरमोरीपासून तीन कोसांवर, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावात नाटक व्हायचंच. एकोणीसशे पंचावन्नच्या आगेमागे बाया स्टेजवर येत नसत, म्हणून बाईचं काम गड्यानंच करायचं, आणि आमच्या गावात ते सदाशिवचं. त्यानं केस कमरेखाली जाईपर्यंत वाढवले होते. त्याची माय त्याला दर आठवड्याला रिठ्यानं न्हाऊ घालायची. तो स्टेजवर रडायला लागला की पुढं बसलेल्या बाया पदरानं नाक पुसत. दाजीबा, म्हणजे त्याचे वडील, तेवढे कधी नाटकाला आले नाहीत. "पोट्ट्याले लुगड्यात पाहाले मी कायले येऊ?" असं म्हणून ते घरीच बसत.

मग सदाशिवच्या लग्नाचं निघालं. पोरीचा बाप घर पाहायला आला, चहा घेतला, आणि सदाशिवला पाहताच खो खो हसत सुटला. म्हणाला, "अगा, याच बाईले त मी मागच्या सालं मंडईत पाह्यलं. माही बायको रडून रडून बिमार पडली होती." बरोबर आलेल्या काकूनं तर पोलकं कोणाकडून शिवून घेतोस तेही विचारलं. पाहुणे हसत हसत गेले ते गेलेच. सदाशिव संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मी फौजेत चाललो. चांद्याले भरती हाय. जिथी माहं लुगडं कोनी पाह्यलं नाई, तिथी जातो."

गावात एकच कल्ला झाला. नाटक मंडळाचे आबाजी मास्तर धावत आले. देशाला शिपाई पुष्कळ मिळतील, पण मंडई दोन महिन्यांवर आली असताना आपल्याला नायिका कुठली मिळणार, हा त्यांचा सवाल. मायनं वेगळीच धास्ती घेतली. फौजेत भात मिळत नाही, रोट्या मिळतात, हे तिला कोणी तरी सांगितलं होतं. गोळीचं तिनं नावही काढलं नाही. "रोट्या खाऊन लेकरू सुकन वो," एवढंच घोकत बसली. मीही त्याला पुष्कळ अडवलं. वरवर मी जगातली सारी कारणं सांगितली, पण आत कारण एकच होतं. तो गेल्यावर मी कोणाबरोबर बसायचं? दाजीबा काहीच बोलले नाहीत. चार दिवस त्यांनी पोराकडे पाहिलंच नाही. सदाशिवला बाकीच्यांचं सगळं ऐकून घेता येत होतं, बापाचं हे न बोलणं तेवढं सोसत नव्हतं. "बाबानं येकडाव जा म्हटलं पायजे," तो म्हणे, "मंग मेलो तरी हरकत नाई."

एवढे केस घेऊन भरतीच्या रांगेत उभं राहता येणार नव्हतं. पण गावच्या न्हाव्यानं हात जोडले. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलानं डोकं उतरवायचं नसतं. बोडकं डोकं दिसलं की लोक कोण गेलं एवढंच विचारतात. "तुहा बाप ओट्यावर बिडी ओढून राह्यला, अन् मी तुह्या डोक्स्याले वस्तरा लावू?" असं म्हणत त्यानं धोकटी उचलली. शेवटी मंडळाचे पडदे कापायची कात्री आणून ते काम मी केलं. आधी वेणी घातली, दोऱ्यानं घट्ट बांधली आणि कापली. तिथवर ठीक होतं. पुढं मात्र डोकं असं झालं की उंदरांनी कुरतडलेलं पोतं बरं. ते सारखं करता करता मी माझ्या दाढीच्या वस्तऱ्यानं पूर्ण डोकंच साफ करून टाकलं. सकाळी घरात कोणाला न सांगता आम्ही आरमोरीला गेलो. बाजाराचा दिवस होता. तो चांद्याच्या मोटारीत बसला, वेणीची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आबाजीले दे. नाटक अडाले नोको." मोटार सुटली तेव्हा एक बाई हात करत तिच्यामागे धावताना मला दिसली. मला वाटलं, तिची मोटार चुकली.

ती सदाशिवची आत्या मथुराबाई होती, आणि तिनं ते बोडकं डोकं पाहिलं होतं.

मी बाजार करून दुपारी गावात पोचलो, तर दाजीबांच्या दारात दोन बैलबंड्या सुटलेल्या. मथुराबाई दहा-बारा माणसं घेऊन रडत आली होती. ओट्यावर बिडी ओढत बसलेल्या दाजीबांना वाटलं, हिच्याच घरी काही झालं. त्यांनी बिडी टाकली, बहिणीच्या गळ्यात पडले आणि तेही रडू लागले. भाऊबहीण बराच वेळ मनापासून रडले... मग डोळे पुसत दाजीबांनी विचारलं, "मथुरे, कोन गेलं वो?"

मथुराबाईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "दादा," ती म्हणाली, "तूच गेला ना गा."

मग तिनं मोटारीत दिसलेलं सदाशिवचं बोडकं डोकं सांगितलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे वळल्या. मी वेणी काढून दाजीबांसमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मार बसेल असंच मी धरून चाललो होतो. दाजीबांनी ती वेणी उचलून पुन्हा पिशवीत ठेवली. मग आत वळून म्हणाले, "भात टाका. इतके लोकं लांबून आले, उपाशी कसे धाडाचे?" स्वतःला रडायला आलेल्या माणसांना त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं. सगळे जेवून उठल्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. "केस पाह्यले तवा मले भेव वाटला, आता घरात मरन येते," ते म्हणाले. "पन मरन आलं, रडनं झालं, जेवनबी झालं. आता अजून काय व्हाचं रायलं? जाऊ दे त्याले." सदाशिव भरतीत निवडला गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मला बसवून कार्ड लिहून घेतलं: "बाप जित्ता हाय. तू जा. रोट्या चावून खाजो."

आबाजींनी त्या केसांचा काळ्या कापडावर टोप शिवला, आणि कापणाऱ्यानंच तो घालायचा असं फर्मान काढलं. म्हणून त्या वर्षी मी नायिका झालो. दाजीबा पहिल्यांदाच नाटकाला आले, अगदी पुढं बसले, आणि मी तोंड उघडण्याआधीच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी हवेत. आपण सदाशिवच्याही वर गेलो, अशी माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या घरी आले. नाटकाबद्दल अक्षर नाही. जाताना फक्त म्हणाले, "टोपाले तेल लावत जा गा. केस रुखे दिसून राह्यले." तेव्हा मला कळलं, ते कोणाला पाहायला आले होते.

फौजेत सदाशिवचं बरं झालं. दीड वर्षानं त्याचं पत्र आलं: पलटणीच्या जेवणाच्या दिवशी नाटक बसवलं होतं, बाईचं काम कोणाला जमेना, शेवटी यानं करून दाखवलं. "इथीबी लुगडं सुटलं नाई. पन इथी हसत नाई, सलाम करते." पुढं हवालदार झाला, लग्न झालं, पोरं झाली. दाजीबा खरोखर गेले तेव्हा मथुराबाईला तीनदा निरोप धाडावा लागला. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "मागच्या डावालेबी असंच झालं होतं."

गेल्या उन्हाळ्यात मी त्याला शेवटचा भेटलो. डोक्यावर एक केस नाही, तोंडात एक दात नाही. ताटात दुधात कुस्करलेली पोळी. मला पाहून म्हणाला, "बाबाचं आयकाचं होतं, चावून खा म्हने. आता कायनं चावू?" आणि इतका हसला की सुनेनं येऊन पाठ चोळली. निघताना त्यानं विचारलं, "टोप हाय ना गा?" मी हो म्हटलं. "तेल?" लावतो म्हटलं. मग त्यानं ताट पुढं ओढलं.

दहाव्याला मी गेलो होतो. नदीवर त्याच्या मुलानं डोकं उतरवलं. न्हाव्यानं न कुरकुरता वस्तरा लावला, कारण या वेळी बाप ओट्यावर नव्हता. मला इतका वेळ रडू आलं नव्हतं, ते त्या वस्तऱ्याच्या आवाजाला आलं. घरी येऊन मी पेटी उघडली, टोप मांडीवर घेतला. त्यातला एकही केस पांढरा झालेला नाही. तेल लावलं, विंचरलं आणि वेणी घातली.