डेस टुलोकच्या बोटांची परीक्षा

डेस चहा उभ्यानेच पितो. बूट दाराबाहेर उलटे ठेवतो, आत कोळी शिरू नये म्हणून. विकतचा पाव आधी चिमटून बघतो. आणि कोणाशी हात मिळवला की हळूच त्याच्या स्वेटरची बाही अंगठ्याखाली चोळून लोकरीच्या तंतूच्या जाडीचा आकडा सांगतो. "बावीस मायक्रॉन. फसवलंय तुला."

चाळीस वर्षं त्याने लोकरीची प्रतवारी केली. पेन्शर्स्टच्या आसपास मेंढ्या कातरायची एकही शेड अशी नसेल जिथली लोकर त्याच्या हाताखालून गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचे आकडे थांबले. बोटांना काही कळेना. मग तो शेडवर जाईना, मग अंथरुणातूनच उठेना. नैराश्यावरच्या दोन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. शेवटी डॉक्टरांनी चुंबकाचे ठोके सुचवले. कवटीला यंत्र टेकवून मेंदूला बाहेरूनच हलवायचं. वॉर्नम्बूलच्या दवाखान्यात, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे.

गाडी चालवण्याचीही त्याला उमेद नव्हती. मी शेजारची. मेलबर्नहून साहित्याची पदवी घेऊन नुकतीच परतले होते, म्हणजे रिकामीच होते. त्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी यंत्रावरची सेला म्हणाली, "हात सैल सोड, डेस. आधी ठोक्याचा जोर ठरवू." पत्र्यावर खडा पडावा तसा आवाज झाला. डेसचा अंगठा टुणकन उडाला.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. "हे मी नाही केलं."

"नाही. मी केलं."

"तुझं बरं ऐकतो. माझं ऐकत नाही हरामखोर."

कित्येक महिन्यांत त्याचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

परतताना बेकरीत आम्ही सॉसेज रोल घेतले. तो म्हणाला, "तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही." दुसऱ्या दिवशी त्याने तीन पाकिटं आणली. प्रत्येकात लोकरीची एक बट: सतरा, एकोणीस, एकवीस मायक्रॉनची. रोज निघण्यापूर्वी मी ती मिसळायची, त्याने डोळे मिटून ओळखायची, मी वहीत लिहायचं.

पहिले दहा दिवस एकदाही तिन्ही जुळल्या नाहीत. अकराव्या दिवशी तिन्ही बरोबर. मी ओरडलेच.

"नाचू नकोस, कवयित्रीबाई. नुसत्या अंदाजानेसुद्धा सहात एकदा जमतंच."

सतराव्या दिवसापासून मात्र सलग चार दिवस बरोबर आलं. चौथ्या दिवशी परतताना मी रस्त्यातच गाडी बाजूला घेतली. मला समोरचं दिसेना.

"थांबलीस का? रोल गार होतोय."

"डेस, तू बरा होतोयस."

"ते कळलं. पण कशाने?" तो खिडकीबाहेर बघत होता. "यंत्राने? की रोज सकाळी आंघोळ करून तुझी बडबड ऐकल्याने? की रोलने?"

त्याने उपाय काढला. तीस बैठका संपल्या की आणखी दहा दिवस सगळं तसंच करायचं: तोच रस्ता, तोच रोल. फक्त आत जायचं नाही, अर्धा तास दवाखान्याबाहेर गाडीत बसायचं.

"आणि बटा पुन्हा सारख्याच लागल्या तर?"

"तर कळेल."

"मला नाही कळून घ्यायचं."

"मला घ्यायचंय ना."

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही गाडीत बसलो. तिन्ही दिवस बरोबर. गुरुवारी आठला मी त्याच्या फाटकाशी हॉर्न वाजवला. कोणी आलं नाही. दार उघडं होतं. ओट्यावर अर्धा कप चहा, गार. मी हाक मारली. खोलीत गेले. पलंग रिकामा होता. मागे पाण्याच्या टाकीपर्यंत पळत जाऊन आले. धाप लागली तेव्हा दाराबाहेर बघितलं. उलटे बूट तिथे नव्हते.

तो पलीकडच्या मॅकॅलमांच्या शेडमध्ये सापडला. त्यांचा प्रतवारीवाला आदल्या संध्याकाळी पाठ धरून बसला होता. डेस टेबलाशी उभा होता, कोपरापर्यंत लोकरीत. त्याने मान वर केली नाही.

मी दारातच बसले.

"अगं, उजेड अडवतेस."

"आज गुरुवार आहे, डेस. परीक्षा."

"ही शेड संपली की करू."

त्यानंतर तीन शेड झाल्या. पाकिटं अजून माझ्या गाडीत आहेत. वहीत सात ओळी कोऱ्या आहेत.