कंपनीचा घ्यावा की नंदाचा?

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की आत धूळ सापडतेच. कुणी मुद्दाम टाकत नाही, रोज थोडी थोडी बसत जाते. या धंद्यातले किस्सेही तसेच साठतात. फरक एवढाच, की धूळ फुंकली तर उडते आणि किस्से आठवले की माझं डोकं आजही तापतं. मैत्रिणी म्हणतात, "नंदा, एवढी वर्षं झाली, आता तरी हसून सांग." बरं, हसून सांगते. पण लक्षात ठेवा, त्या वेळी मी हसत नव्हते!

गाव केज. साल दोन हजारच्या आगेमागे. बाहेरचा माल बाजारात मोकळा झाला होता, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, कॉम्प्युटर कंपनीचा घ्यावा की जुळवलेला? कंपनीचा म्हणजे बीडच्या शोरूममधून बंद खोक्यात येणारा. जुळवलेला म्हणजे मी बनवलेला.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचं, सुटे भाग निवडायचे आणि एसटीत मदरबोर्ड मांडीवर धरून परत यायचं. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मेन रोडवर कापडाचं दुकान होतं. त्यात मधे प्लायवूडची फळी टाकून अर्धा गाळा त्यांनी मला दिला होता. फळीच्या पलीकडे आप्पा मीटरने कापड मोजायचे, अलीकडे मी स्क्रू पिळायची. सोबतीला शकीलभाई. जन्माचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले. सोल्डरचा डाग द्यावा तर त्यांनीच!

त्या वर्षी मोंढ्यातले धान्याचे आडतदार विश्वनाथकाका यांच्या डोक्यात आलं, की बस स्टँडजवळ गेम पार्लर काढायचं. सहा कॉम्प्युटर, त्यावर गाड्यांच्या शर्यती. सहा! एका वेळी एवढे मी कधीच विकले नव्हते. आणि त्याच वेळी बीडच्या एका क्लासनं मला शिकवायला बोलावलं होतं, महिनाअखेर कळवायचं होतं. म्हणजे काकांची ऑर्डर आली तर माझं दुकान चालणार. नाही आली तर फळी काढायची आणि बीडला जाऊन लोकांना माऊस कसा धरायचा ते शिकवायचं. मला शिकवायचं नव्हतं. मला मशीन बनवायचं होतं.

* * *

पहिला राग दारातच यायचा. एक गुरुजी आले. मी समोर मदरबोर्ड घेऊन बसलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. गुरुजींनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं.

"इंजिनिअर कुठं हायेत?"

"बोला ना."

"न्हाई, इंजिनिअरशीच बोलायचंय." असं म्हणून ते शकीलभाईंसमोर जाऊन बसले आणि अर्धा तास त्यांना सगळं विचारत राहिले. शकीलभाई एका रेडिओला डाग देत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, मी रेडिओवाला. कॉम्प्युटर ताई बनवतेत."

गुरुजी उठले. "आसं व्हय. मंग मी संध्याकाळी येतो."

"गुरुजी," मी ओरडले, "संध्याकाळी पण मीच असते!"

* * *

कॉलेजातले गणिताचे एक प्राध्यापक होते. त्यांना कॉम्प्युटर परीक्षेचे पेपर टाइप करायला हवा होता. यादी लिहूनच आणलेली. रॅम दुप्पट, मोठे स्पीकर, आणि खाली बारीक अक्षरात थ्रीडी कार्ड. ते कार्ड तेव्हा लोक फक्त गेमसाठी घ्यायचे.

"सर, पेपर टाइप करायला थ्रीडी कार्ड कशाला?"

सर जराही न लाजता म्हणाले, "प्रश्न स्वच्छ दिसावेत म्हणून."

मी दोन दिवस खपून अंदाज काढून दिला. कोणता भाग का महाग, कोणता स्वस्त घेतला तरी चालेल, सगळं समजावलं. सरांनी तो कागद नीट घडी करून खिशात घातला आणि बीडला जाऊन कंपनीचा घेतला! वॉरंटी मिळते म्हणे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

आठ दिवसांनी सर रिक्षातून तोच कॉम्प्युटर घेऊन माझ्या दारात. कंपनीवाल्यांनी थ्रीडी कार्ड दिलंच नव्हतं आणि गाड्यांची शर्यत, म्हणजे पेपर, अडखळत चालत होते. कॅबिनेटच्या मागे कंपनीचं सील. ते फोडलं की वॉरंटी गेली.

"तुमी आसं करा," सर हळू आवाजात म्हणाले, "सील न फोडता कार्ड आत बसवा."

"कुठून बसवू सर? फ्लॉपीच्या फटीतून?"

सर विचारात पडले. "बसंल का?"

मी उत्तर दिलं असतं तर प्राध्यापकाला शिवी दिल्याचा बोभाटा झाला असता. मशीन तिथंच ठेवून सर "विचार करून सांगतो" म्हणून गेले.

* * *

सगळीच गिऱ्हाइकं अशी नव्हती. युसूफ वडगाव या खेड्यातले मारुतीआबा आले होते, नातीसाठी. गुरं राखण्यात आणि गुरांच्या बाजारात सारा जन्म गेलेला माणूस. नात अंबाजोगाईला कॉलेजात, तिला कॉम्प्युटर विषय होता. आबा आधी बीडच्या शोरूमला जाऊन आलेले.

"कंपनीवाला आतलं दाखवंना," आबा म्हणाले. "खोकं उघडायचं न्हाई म्हणतोय. दात न बघता बैल घेतंय का बे कुणी?"

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं! मी एकेक भाग मांडला. आबांनी रॅमची पट्टी उजेडात धरली, पंखा बोटाने फिरवून बघितला, कॅबिनेटच्या पत्र्यावर टिचकी मारून कान दिला. "ह्ये बदल," म्हणाले, "पत्रा पातळ हाय." खरंच पातळ होता.

मग भाव ठरवायची वेळ आली. बाजाराची रीत अशी, की उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, आजूबाजूच्यांना कळायला नको. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आणि थबकले. बाईमाणसाचा हात कसा धरायचा? ते वळले आणि उपरण्याखाली शकीलभाईंचा हात धरला. आबा बोटं दाबत होते, शकीलभाई हसून मान डोलावत होते. चार-पाच वेळा झालं. आबा म्हणाले, "ठरलं!"

ठरलेला भाव ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुटे भागसुद्धा तेवढ्यात आले नव्हते! पण बाजारात हात सुटला की शब्द मागे घेत नाहीत. आबांना कॉम्प्युटर द्यावाच लागला, वर जाड पत्र्याचं कॅबिनेटही.

"शकीलभाई, तुम्ही मान कशाला डोलावत होता?"

"ताई, मला काय ठावं? मला वाटलं म्हातारा मायेनं बोटं दाबायलाय!"

* * *

विकण्यापर्यंतचं एक वेळ सोसतं. विकल्यावरचं ऐका.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा असते. मोंढ्यातल्या एका दुकानदाराने माझा कॉम्प्युटर पाटावर मांडला, हळद-कुंकू लावलं, हार घातला. इथवर ठीक. पण देव झोपलेला कसा पुजायचा, म्हणून त्याने मशीन चालू ठेवलं आणि वरच्या जाळीतून पळीभर तीर्थ आत सोडलं! चर्र झालं आणि देव झोपला.

तो माणूस भर रस्त्यात माझ्यावर ओरडत होता. "तीर्थानं बिघडणारा माल विकता व्हय? देवाचं पानी सोसंना तुमच्या मशीनला? कंपनीचं आसतं तर आसं झालं आसतं का?"

"मग कंपनीच्या मशीनवर घालून बघायचं होतं ना तीर्थ!"

"बाईमाणसानं बनवल्यावर काय हुनार दुसरं!" एवढं बोलून तो गेला. रस्त्यावर माणसं जमली होती. फळीच्या पलीकडे आप्पांच्या कात्रीचा आवाज थांबलेला मला कळला. तरी मी त्याच दिवशी पॉवर सप्लाय बदलून मशीन चालू करून दिलं.

अशी भांडणं आठवड्याला दोन-तीन. वीज गेली, नंदा चोर. मुलगा नापास झाला, नंदाचा कॉम्प्युटर. वायरमनला एक शब्द बोलायची कुणाची हिंमत नव्हती, कारण वायरमन उलटा बोलतो.

एकदा तर एक काकू आल्या. पदर खोचलेला, आवाज चढलेला. त्यांच्या नवऱ्यानं माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला होता आणि कामावरून आला की हा गृहस्थ गाड्यांची शर्यत खेळत बसायचा. जेवायलाही उठेना.

"मशीन बिघडलंय का काकू?"

"बिघडंना की! दीड वर्स झालं, बिघडंना! कंपनीचा घ्या म्हनलं होतं मी. कंपनीचा आसता तर कवाच बंद पडून माझा संसार वाचला आसता!"

दीड वर्षात माझ्या कामाला मिळालेली ही एकमेव शाबासकी. तीही शिव्यांसकट!

* * *

इकडे विश्वनाथकाकांचं ठरत नव्हतं. रोज यायचे, चहा प्यायचे, विचारायचे. गावातल्या प्रत्येकाचं मत घेऊन झालं होतं. ट्रॅक्टर मेकॅनिकचं घेतलं, वैद्याचं घेतलं, नारायणगडाच्या जत्रेत भेटलेल्या एका अनोळखी माणसाचंही घेतलं. मग बीडची शोरूम बघून आले.

"नंदे, तिथं ए.सी. हाय."

"काका, तुम्हाला ए.सी. घ्यायचाय की कॉम्प्युटर?"

"टाय घातलेला मानूस हाय. मला थंड पाजलं."

मी ठरवलं, आता तोंडाने बोलायचं नाही. सरांचा सीलबंद कॉम्प्युटर माझ्याकडे पडूनच होता. त्याच्या शेजारी मी माझा मांडला, थ्रीडी कार्ड घातलेला. दोन्हीवर एकच शर्यत लावली. माझ्या मशीनवर गाडी भर्रकन गेली आणि पोचलीसुद्धा. कंपनीच्या मशीनवर गाडी चार ढांगा टाकायची आणि उभी राहायची, पुन्हा चार ढांगा, पुन्हा उभी. काकांनी दोन्ही खेळून बघितलं. शकीलभाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ऑर्डर आपलीच!

काकांनी बोट केलं ते कंपनीच्या मशीनकडे.

"ह्ये बरं हाय."

"काका! ते अडकतंय!"

"तेच तर. गिऱ्हाईक तासावर खेळनार. तुज्या मशीनवर गडी लगेच पोचतोय, उटून जातोय. ह्याच्यावर आडकून बसंल. धंद्याला ह्येच बरं!"

"मग बैलगाड्याच ठेवा ना!" मी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. काका हसले, वर म्हणाले, "चिडू नकू. आप्पा मानूस जानता हाय. आप्पा म्हनंल तसं करतो."

आता मात्र मी निवांत झाले. आप्पांनी चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला "दुसरीकडून घ्या" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. विटलेला रंगही ते "धुतल्यावर खुलतो" म्हणून विकायचे. आणि हा तर लेकीचा माल!

* * *

महिना संपायला चार दिवस होते. काका आप्पांच्या गादीवर जाऊन बसले. मी फळीच्या दाराशी उभी.

"आप्पा, तुमी सांगा. सहा घ्यायचेत. कंपनीचे घिऊ का नंदाचे?"

आप्पांनी कपाळावरचं भस्म पुसल्यासारखा हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"कंपनीचे घ्या, विश्वनाथ."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण ते मीटर उचलून कापड मोजायला लागले. काका "शरणार्थ" असा नमस्कार करून उठले आणि गेले. सहाही मशीन गेली. माझ्या बापाच्या एका वाक्यात गेली! बाहेरचे बोलतात ते मी गिळत होते, पण हे कसं गिळायचं?

मी आप्पांशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी शकीलभाई चोरट्या पावलांनी आले. "ताई, गुस्सा सोडा. आप्पा कालपास्नं जेवले न्हाईत."

"मग कंपनीकडं जेवायला जा म्हणावं!"

बीडच्या क्लासला पत्र लिहिलं. येते म्हणून. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, टेबलावर ठेवलं. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मी सुटे भाग खोक्यात भरायला लागले होते.

तेवढ्यात आप्पा आले. फळीच्या दारातून नाही, रस्त्यावरून फिरून, गिऱ्हाईक येतं तसे. वहाणा बाहेर काढल्या, आत येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. शकीलभाईंकडे बघितलंही नाही, थेट माझ्याकडे बघून म्हणाले,

"एक कॉम्प्युटर पायजे."

"कुणाला?"

"मला."

"कशाला?"

"गाड्याच्या शर्यती खेळायला."

ज्या माणसाने आयुष्यात कधी माऊसला बोट लावलं नव्हतं, तो! माझा सगळा राग एका दमात बाहेर आला. "मग कंपनीचा घ्या की! साऱ्या गावाला सांगता, मग तुम्ही कावून घेत नाही कंपनीचा?"

आप्पांनी धोतराचा सोगा सावरला.

"गावानं तुज्याशी भांडू न्हाई, म्हनून त्येला तसं सांगितलं. पन माझा कंपनीचा बिघडला, तर मी भांडू कुनाशी?"